पासपोर्ट न विचारणारा दवाखाना

चर्चगेटजवळच्या सिडनहॅम कॉलेजात मुंबईच्या कितीतरी पिढ्या कॉमर्स शिकल्या. ज्यांच्या नावानं हे कॉलेज 1913 साली सुरू झालं, ते सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे पुढचे लॉर्ड सिडनहॅम, 1907 ते 1913 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. लोकमान्य टिळकांवरचा 1908 चा राजद्रोहाचा खटला त्यांच्याच कारकिर्दीत चालला. त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांच्याविषयी प्रेमानं लिहिलेलं फारसं सापडत नाही. मायदेशी परतले त्याच वर्षी त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. ब्रिटनमधल्या गुप्तरोगांच्या प्रसाराची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचे ते अध्यक्ष झाले. आयोगाचा अहवाल 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांमध्ये निदान दहा टक्के लोकांना सिफिलिसची, म्हणजे गरमीची, लागण झालेली असावी, असा त्याचा अंदाज होता.

तोवर विज्ञान बरंच पुढे गेलं होतं. 1906 मध्ये सिफिलिस ओळखणारी वासरमन यांची रक्तचाचणी आली होती. 1910 मध्ये पॉल एर्लिख यांचं साल्व्हरसान हे औषध बाजारात आलं आणि पाऱ्याच्या जीवघेण्या उपचारांना प्रभावी पर्याय मिळाला. चाचणी होती, औषध होतं, पण रुग्ण दाराशी येत नव्हता. जबरदस्तीचा मार्ग आधीच वापरून झाला होता. 1860 च्या दशकातल्या कायद्यांनी ब्रिटनमध्ये आणि भारतातही वेश्याव्यवसायातल्या, किंवा नुसता तसा संशय असलेल्या बायकांना पकडून तपासायला सुरुवात केली. बायकांचा छळ झाला, रोग हटला नाही आणि अखेर ते कायदे मागे घ्यावे लागले.

सिडनहॅम आयोगानं उलटी वाट सुचवली. तपासणी फुकट ठेवा, उपचार फुकट द्या, नाव गुप्त राखा आणि येणारा कुठला राहणारा आहे हे विचारू नका. 1916 च्या नियमांनी हे काम स्थानिक संस्थांवर सोपवलं आणि तीन चतुर्थांश खर्च सरकारी तिजोरीनं उचलला. पुढच्याच वर्षी भोंदू वैद्यांच्या उपचारांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्यानं बंदी आली.

नाशिकची किंवा कोल्हापूरची एखादी मुलगी आज लेस्टरला शिकायला जाते आणि तिथल्या लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये एक पैसाही न देता तपासून घेऊ शकते, त्यामागे शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार उभा आहे. संसर्गाला नागरिकत्व नसतं. एका माणसाला दारातून परत पाठवलं की त्याची किंमत सगळ्या शहराला मोजावी लागते. अनेक देशांनी हा धडा घेतला आहे, काहींनी अजून घेतलेला नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला आपण कोणत्या देशात आहोत आणि तिथे कोणती भीती खरी, कोणती निराधार, एवढं कळलं तरी त्याचं मोठं ओझं उतरतं. हे प्रकरण त्यासाठीच आहे.

खलाशाचं कार्ड

परदेशी प्रवाशासाठी या रोगांवर उपचाराची सोय असावी, ही कल्पना पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय करारात उतरली ती खलाशांसाठी. 1924 मध्ये ब्रुसेल्स इथे एक करार झाला. सही करणाऱ्या देशांनी आपल्या मोठ्या बंदरांमध्ये कोणत्याही राष्ट्राच्या व्यापारी खलाशाला गुप्तरोगांवर मोफत उपचार द्यायचे, असं त्यात ठरलं. गरज पडली तर रुग्णालयात ठेवून घेणंही मोफत होतं. जहाज निघालं तर पुढच्या बंदरापर्यंत पुरेल एवढं औषध सोबत द्यायचं होतं.

या करारातली सर्वांत शहाणपणाची तरतूद होती एका कार्डाची. ते खलाशाचं खासगी कार्ड. त्यावर त्याचं नाव नसे, फक्त क्रमांक असे. निदान काय झालं, कोणतं औषध कधी दिलं, प्रयोगशाळेचा निष्कर्ष काय, हे डॉक्टर त्यावर लिहीत. त्या काळी सिफिलिसचा उपचार महिनोन्महिने चाले. एका बंदरात सुरू झालेला उपचार दुसऱ्या बंदरात तिथूनच पुढे चालू राहावा, म्हणून हे कार्ड. कोकण किनाऱ्यावरची हजारो माणसं त्या काळात ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर काम करत होती. जगभरच्या ज्या खलाशांसाठी ही व्यवस्था उभी राहिली, त्यांच्यात तीही होती.

आज उपचार बहुतेक वेळा एका इंजेक्शनात किंवा आठवड्याच्या गोळ्यांत आटोपतो. कागद जपण्याची गरज मात्र तेवढीच आहे. सिफिलिस पूर्ण बरा झाला तरी रक्तातली टीपीएचए ही चाचणी बहुतेकांमध्ये जन्मभर पॉझिटिव्ह येत राहते. रोग आत्ता सक्रिय आहे की जुना आणि बरा झालेला आहे, हे ठरवताना व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीतलं प्रमाण वाढतंय की घटतंय ते पाहावं लागतं. समजा, मँचेस्टरमध्ये उपचार घेऊन पुण्यात परतलेल्या माणसाकडे तिथले आकडे नाहीत. नव्या डॉक्टरला तुलना करता येत नाही, पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि एखाद्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत हा प्रश्न नको त्या वेळी उपटतो. म्हणून क्लिनिकमधून निघताना निदान, औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि चाचणीचे आकडे लेखी मागून घ्यावेत. मागितल्यावर ते मिळतात.

क्लिनिकमध्ये नेमकं काय होतं

इंग्लंडचं उदाहरण सविस्तर पाहू, कारण मराठी विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येनं जातात. विद्यार्थी व्हिसासाठी आरोग्य अधिभार भरावा लागतो. त्यामुळे क्लिनिकमधली सेवा त्या पैशांतून मिळते, असा अनेकांचा समज असतो. खरं तर लैंगिक संसर्गाची तपासणी आणि उपचार परदेशी नागरिकांच्या शुल्कातून पूर्णपणे वगळलेले आहेत. पर्यटक म्हणून मुलाकडे आलेल्या आईवडिलांनाही ते मोफत आहेत आणि व्हिसाची मुदत संपलेल्या माणसालाही. ऑक्टोबर 2012 पासून एचआयव्हीचा उपचारही या सवलतीत आला.

आपल्या फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी आणावी लागत नाही. वेबसाइटवर वेळ घेता येते, काही क्लिनिक थेट येणाऱ्यांनाही पाहतात. इथली नोंद फॅमिली डॉक्टरच्या कागदपत्रांपासून वेगळी असते आणि रुग्णाच्या संमतीशिवाय ती त्या डॉक्टरकडे पाठवली जात नाही. विद्यापीठाला कळत नाही, घरमालकाला कळत नाही, पुण्यातल्या काकांना तर नाहीच नाही. अनेक भागांत चाचणीचा संच साध्या पाकिटातून घरपोच येतो. नमुने घेऊन तो टपालानं परत पाठवायचा आणि निकाल मोबाइलवर मिळतो. ज्यांना काही लक्षण नाही, त्यांच्यासाठी ही सोय उत्तम. जखम, स्राव, लघवीला जळजळ किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर स्वतः जाऊन दाखवायलाच हवं.

आत गेल्यावर नर्स किंवा डॉक्टर काही प्रश्न विचारतात. शेवटचा संबंध कधी आला, जोडीदार पुरुष होता की स्त्री, संबंध योनीमार्गे, गुदमार्गे की मुखावाटे आला, निरोध वापरला होता का, गेल्या तीन महिन्यांत किती जोडीदार होते. आपल्याकडे असे प्रश्न कुणी सरळ विचारत नाही. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना चौकशी चालल्यासारखं वाटतं आणि माणूस अर्धवट उत्तरं देतो. पण कुठला नमुना घ्यायचा हे याच उत्तरांवरून ठरतं. परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, जंतू घशात असतील, तर लघवीच्या चाचणीत ते दिसणार नाहीत. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील आणि संकोचानं त्यानं ते सांगितलं नाही, तर घसा आणि गुदद्वाराची तपासणी राहून जाते आणि ‘सगळं नॉर्मल’ असा खोटा दिलासा हातात पडतो. ब्रिटनमध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर नाहीत. त्या खोलीत खरं सांगितल्यानं कुणाचं काहीही बिघडत नाही.

तपासणी लोकांना वाटते त्यापेक्षा साधी असते. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी पुरुषांना लघवीची पहिली धार एका बाटलीत द्यावी लागते. त्याआधी तासभर लघवी केलेली नसावी. स्त्रिया कापसाची काडी स्वतःच आत फिरवून नमुना घेऊ शकतात आणि लक्षणं नसतील तर बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतात. स्त्री डॉक्टर हवी, सोबत कुणी हवं किंवा दुभाषा हवा, असं सांगायचा हक्क रुग्णाला असतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि इंग्रजी सराईत नसलेल्या स्त्रीच्या दृष्टीनं हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नवऱ्यालाच दुभाषा करू नये. फोनवरचा दुभाषा मागावा, म्हणजे तो आपल्याच शहरातला, ओळखीतला निघेल ही धास्ती राहत नाही.

ज्याच्यावर किंवा जिच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे, त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये वेगळी केंद्रं आहेत. तिथे उपचार, गर्भनिरोधाची गोळी आणि पुरावे जपून ठेवण्याची सोय एका ठिकाणी मिळते. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार केलेली असावी अशी अट नाही.

घड्याळ आणि कॅलेंडर

धोक्याचा संबंध आल्यानंतर दोन वेगवेगळ्या मुदती सुरू होतात. त्यांची गल्लत झाल्यानं बरंच नुकसान होतं.

पहिली मुदत तासांची. जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल, निरोध फाटला असेल किंवा बळजबरी झाली असेल, तर एचआयव्हीची लागण रोखणारा पीईपी नावाचा औषधोपचार 72 तासांच्या आत सुरू करावा लागतो. पहिल्या 24 तासांत सुरू झाला तर फारच उत्तम. तो 28 दिवस चालतो. 72 तासांनंतर तो देत नाहीत, कारण त्याचा उपयोग राहत नाही. शनिवारी रात्री घडलं आणि क्लिनिक सोमवारी उघडणार असेल, तर थांबू नये. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन ‘पीईपी हवं आहे’ असं थेट सांगावं. हे नाव जगभरातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळीचं गणितही तासांचंच असतं.

दुसरी मुदत आठवड्यांची. संसर्ग झाला तरी चाचणीत दिसण्याइतका तो वाढायला वेळ लागतो. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी दोन आठवडे धरतात. प्रयोगशाळेत होणाऱ्या चौथ्या पिढीच्या एचआयव्ही चाचणीसाठी 45 दिवस, बोट टोचून लगेच निकाल देणाऱ्या चाचणीसाठी 90 दिवस. सिफिलिससाठीही साधारण 12 आठवडे. भीतीनं दुसऱ्याच दिवशी सगळ्या चाचण्या करून घ्यायच्या आणि निगेटिव्ह अहवाल पाहून निर्धास्त व्हायचं, ही नेहमी दिसणारी चूक. लवकर जायला हरकत नाही, पण पुन्हा कधी यायचं ती तारीख घेऊनच बाहेर पडावं. लक्षणं असतील, तर मात्र दिवस मोजत बसू नये, त्याच दिवशी जावं.

लक्षण नाही म्हणजे संसर्ग नाही, असंही समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांची जगात 37.4 कोटी नवी प्रकरणं घडली. त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाला कुठलंच ठळक लक्षण नसतं. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि गर्भनलिकांना इजा झाल्याचं कधी कधी काही वर्षांनी, मूल होत नाही म्हणून तपासताना, कळतं. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरते. जखम गेली, की माणसाला वाटतं रोगही गेला. प्रत्यक्षात जंतू शरीरभर पसरत असतात.

बॅगेतली गोळ्यांची पट्टी

परदेशी निघताना आई औषधांचा डबा भरून देते. तापाची, पोटाची, सर्दीची औषधं आणि बरेचदा ॲझिथ्रोमायसिनची एखादी पट्टी. तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मग लघवीला जळजळ सुरू झाली, की गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरला मेसेज जातो आणि पट्टीतली गोळी पोटात जाते.

परदेशात राहणाऱ्यांनी ही सवय आवर्जून सोडायला हवी. क्लॅमिडियासाठी एकेकाळी ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस देत. आता ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्यांना पहिली पसंती आहे. गनोरियाच्या जंतूंनी तर सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी एकामागून एक औषधं निकामी केली आहेत. आज मुख्य भरवसा सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनवर आहे आणि त्यालाही तडे जाऊ लागले आहेत. 2018 मध्ये ब्रिटनमध्ये एका पुरुषावर सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन या दोन्ही औषधांचा परिणाम झाला नाही. संसर्ग त्याला आग्नेय आशियात झाला होता. शेवटी शिरेतून एर्टापेनेम हे राखीव फळीतलं औषध द्यावं लागलं, तेव्हा तो बरा झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातही अशी प्रकरणं आढळली.

अशा काळात घरची गोळी घेतली, तर त्रास थोडा दबतो, चाचणीत जंतू सापडेनासा होतो, उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात आणि जोडीदाराकडे जातात. क्लिनिकमध्ये जंतू वाढवून कोणतं औषध त्याला लागू पडतं ते पाहता येतं, पण त्यासाठी नमुना औषध घेण्याआधी द्यावा लागतो. गोळी घेऊन झाली असेल, तर ते न लपवता सांगावं. डॉक्टर रागावत नाहीत, त्याप्रमाणे तपासणी ठरवतात.

सिफिलिसवर आजही पेनिसिलिनच सर्वांत खात्रीचं औषध आहे. सुरुवातीच्या अवस्थेत 24 लाख युनिटचं बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत एकदाच टोचलं, की पुरतं. इंजेक्शन चांगलंच दुखतं. त्यानंतर चोवीस तासांच्या आत थंडी वाजून ताप येऊ शकतो, अंग मोडून येतं. जंतू एकदम मरू लागल्यानं होणारी ही प्रतिक्रिया बहुधा दिवसभरात ओसरते. परक्या शहरात एकट्यानं खोलीवर झोपलेल्या मुलाला हे आधी ठाऊक असेल, तर तो घाबरणार नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगावं.

उपचारानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे असतात आणि जोडीदारालाही तपासायला सांगायचं असतं. हे सांगणं सगळ्यांत जड जातं. ब्रिटनमधली अनेक क्लिनिक रुग्णाचं नाव न घेता जोडीदाराला निरोप पाठवतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत काही संसर्गांसाठी जोडीदाराचं औषध रुग्णाच्याच हाती देण्याची मुभा डॉक्टरांना आहे. नवराबायकोत ही गोष्ट संसार मोडेल इतकी अवघड होऊ शकते, म्हणून क्लिनिकमध्ये समुपदेशक असतात. त्यांची मदत घ्यावी. न सांगता एकट्यानं उपचार घेतला, तर तोच संसर्ग जोडीदाराकडून परत येतो.

देश बदलला की दार बदलतं

जर्मनीत 2001 च्या संसर्ग संरक्षण कायद्यानं प्रत्येक भागातल्या सरकारी आरोग्य कार्यालयावर लैंगिक संसर्गांसाठी सल्ला आणि तपासणी देण्याची जबाबदारी टाकली आहे. या कार्यालयाला तिथे गेझुंडहाइट्सआम्ट म्हणतात. नाव न सांगता तपासणी करता येते, एक क्रमांक मिळतो. कुठे ती मोफत असते, कुठे थोडे पैसे पडतात. फ्रान्समध्ये 2016 पासून सेगिद नावाची मोफत केंद्रं आहेत. तिथे विमा नसला तरी चालतं आणि नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसंही करता येतं. ऑस्ट्रेलियात सिडनी सेक्शुअल हेल्थ सेंटर आणि मेलबर्न सेक्शुअल हेल्थ सेंटर इथे मेडिकेअर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड नसलेल्यांनाही पाहतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे.

अमेरिकेत मात्र ‘आधी बिल किती येईल ते विचारा’ हा नियम लक्षात ठेवावा. देशभर एकच सार्वजनिक व्यवस्था नाही. तरी विद्यापीठाचं आरोग्य केंद्र, काउंटीच्या आरोग्य खात्याचं क्लिनिक आणि प्लॅन्ड पेरेंटहूडसारख्या संस्था हे परवडणारे मार्ग आहेत. अनेक ठिकाणी उत्पन्न पाहून फी ठरते. विमा वापरताना एक बारकावा आहे. कोणती सेवा घेतली याचं पत्रक विमा कंपनी पॉलिसी ज्याच्या नावावर असते त्याला पाठवते. एच-4, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या, व्हिसावरच्या पत्नीची पॉलिसी नवऱ्याच्या नावावर असेल, तर तिची तपासणी त्याच्या टपालात दिसू शकते. पत्रव्यवहार आपल्याच पत्त्यावर किंवा ईमेलवर व्हावा, अशी लेखी मागणी कंपनीकडे करता येते. नाही तर विमा बाजूला ठेवून काउंटीचं क्लिनिक गाठावं.

व्हिसाची भीती या देशांमध्ये बहुतेक वेळा अनाठायी असते. क्लिनिक आपले अहवाल व्हिसा कार्यालयाकडे पाठवत नाही. एचआयव्ही असलेल्यांना प्रवेश नाकारणारा नियम अमेरिकेनं जानेवारी 2010 मध्ये रद्द केला. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत ठरावीक वयोगटांसाठी सिफिलिस आणि गनोरियाची चाचणी असते, पण उपचार पूर्ण झाल्यावर तो अडसर राहत नाही. म्हणजे तपासणी टाळल्यानं काहीच साधत नाही, उपचार घेऊन कागद जवळ ठेवल्यानं साधतं.

आखात: जिथे भीती खरी आहे

दुबई, दोहा, कुवेत, रियाध इथलं चित्र निराळं आहे आणि ते गुळमुळीत शब्दांत सांगणं वाचकाशी अप्रामाणिकपणाचं होईल. आखाती देशांत निवासी परवान्यासाठी एचआयव्हीची चाचणी सक्तीची आहे आणि ती पॉझिटिव्ह आली, तर परवाना नाकारून माणसाला परत पाठवलं जातं. निघण्यापूर्वी मुंबईतल्या मान्यताप्राप्त केंद्रात होणाऱ्या वैद्यकीय तपासणीतही एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि छातीचा एक्स-रे असतो. शिवाय विवाहबाह्य संबंध अनेक आखाती देशांत आजही गुन्हा आहे. त्यामुळे अविवाहित स्त्रीला साधी तक्रार घेऊन दवाखान्यात जातानाही विचार करावा लागतो.

मग काय करावं? पहिलं, निघण्याआधी, एजंटाकडे पासपोर्ट आणि पैसे देण्यापूर्वी, आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी आयसीटीसी केंद्रात स्वतःहून एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. ती मोफत आणि गोपनीय असते. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा भारताचा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि एरवी निकाल इतरांना सांगता येत नाही. कर्ज काढून तिकडे गेल्यावर निकाल कळण्यापेक्षा इथे कळणं केव्हाही बरं. दुसरं, सुट्टीवर घरी आल्यावर तपासणी आणि उपचार पूर्ण करून घ्यावेत. तिसरं, तिथे असताना जखम किंवा स्राव दिसला, तर दुखणं अंगावर काढू नये. परवानाधारक खासगी त्वचारोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ गाठून लक्षण सांगावं आणि औषध घ्यावं.

एचआयव्ही असलेल्या माणसाला आखाताचं दार बंद असलं, तरी आयुष्याचं दार बंद नसतं. भारतात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळतात. नियमित औषधं घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. ही वैद्यकशास्त्रानं पक्की केलेली गोष्ट आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेसारख्या देशात शिकायला, नोकरीला जाताना एवढ्या एका कारणानं त्याला अडवलं जात नाही.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

निघण्यापूर्वी कावीळ बीची लस पूर्ण करून घ्यावी. तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत होतात, म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याची वाट पाहू नये. एचपीव्हीची लस घेतली नसेल, तर डॉक्टरांशी बोलावं. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देते आणि मुलग्यांनाही उपयोगी आहे. पोचल्यावर ज्या आठवड्यात बँकेचं खातं उघडतो, त्याच आठवड्यात जवळचं क्लिनिक कुठे आहे, शनिवार-रविवारी कुठे जायचं, हे शोधून ठेवावं. गरज पडेल त्या रात्री हे सुचत नाही.

परतल्यावर उपचार मध्येच राहिला असेल, तर महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक आहेत. तिथे लैंगिक संसर्गांवर मोफत उपचार होतात. 1097 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. आपल्या सरकारी पद्धतीत बहुधा लक्षणांवरून औषधांचा ठरावीक संच देतात. ज्याला लक्षणं नाहीत, तो अशा पद्धतीतून निसटू शकतो. म्हणून परदेशातला अहवाल डॉक्टरांसमोर ठेवावा आणि लक्षणं नसली तरी तपासायला सांगावं.

शेवटचं सांगणं पालकांना, परदेशी पाठवणाऱ्या सल्लागार संस्थांना आणि महाराष्ट्र मंडळांच्या जुन्या मंडळींना. मुलं निघताना आपण त्यांना थंडीचे कपडे, कुकर, बँक, भाडेकरार, सगळं समजावतो. त्यात ‘तिथे लैंगिक आरोग्याचं क्लिनिक असतं, कधी गरज पडली तर लगेच जा, आम्हाला सांगितलंच पाहिजे असं नाही’ हे एक वाक्य घालावं. मुलगा किंवा मुलगी बिघडेल ही भीती मनातून काढून टाकावी. माहितीनं कुणी बिघडत नाही. ज्याला हे वाक्य कुणी सांगितलेलं नसतं, तो आठवडेच्या आठवडे दुखणं अंगावर काढतो, इंटरनेटवर आपल्या मरणाची लक्षणं शोधत बसतो आणि एका इंजेक्शननं बरा होणारा रोग दुसऱ्याला देऊन बसतो. यातलं काहीही अटळ नाही. बहुतेक संसर्ग पूर्ण बरे होतात, उरलेले औषधांनी आटोक्यात राहतात. अट एवढीच, की वेळेवर जायला हवं.